अर्ध्या तासानं, त्याच ठिकाणी
(एकपात्री विनोदी प्रयोग)

(रंगमंचावर लाल प्लॅस्टिकच्या वीस खुर्च्या, पाच-पाचच्या चार रांगांत. समोर टेबल, त्यावर घरातून आणलेली चादर, स्टीलचा तांब्या, हजेरीचं रजिस्टर आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन. मागे नोटीस बोर्ड. काचेच्या आत नोटीस, काचेला टेकवलेली सायकल. कलाकार येतो, फडक्यानं पहिली खुर्ची पुसतो, दुसरी पुसतो. तिसरीपाशी थांबून प्रेक्षकांकडे बघतो.)

सप्टेंबरातला शेवटचा रविवार, दहाला पाच कमी. डोंबिवली पूर्व. चार मजली, बत्तीस फ्लॅटची, लिफ्ट नसलेली इमारत आणि तिच्या पोटातलं पार्किंग. आज सभेसाठी इथल्या स्कूटर बाहेर काढल्या आहेत. एक मारुती मात्र सात वर्षांत जागची हललेली नाही, त्यामुळे तिला वळसा घालून खुर्च्या मांडल्या आहेत. गाडी ४०७ ची.

खुर्च्या पुसतोय तो संस्थेचा सेक्रेटरी. त्याला नाव आहे, पण ते कुणी वापरत नाही. सोसायटीत माणसांना नावं नसतात, नंबर असतात. १०४ रिटायर झाले. ४०१ ना शुगर निघाली. २०३ ची मुलगी ३०५ च्या मुलाबरोबर स्टेशनवर दिसली. एखाद्या पाहुण्यानं खाली येऊन "कुलकर्णी कुठे राहतात?" असं विचारलं, तर वॉचमन घाबरतो. सेक्रेटरीचा नंबर ३०६.

(कलाकार नोटीस बोर्डापाशी जातो, सायकल बाजूला करतो, घसा साफ करून सरकारी आवाजात वाचतो.)

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सकाळी ठीक १० वाजता संस्थेच्या आवारात घेण्यात येणार आहे. तरी सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास, तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही."

या नोटिशीत आधीच्या सगळ्या ओळींना मिळून जेवढा अर्थ नाही, तेवढा शेवटच्या एका ओळीला आहे. लग्नपत्रिकेवर 'मुहूर्त १० वाजता. नवरा न आल्यास अर्ध्या तासाने नवऱ्याशिवाय' असं छापलं, तर कोणता नवरा दहाला येईल?

आणि सभा सप्टेंबरातच का? आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ नुसार तिथून सहा महिन्यांच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते. मुदत ३० सप्टेंबर. आता मोजा. एप्रिलमध्ये हिशेब लिहिणारा मिळत नाही. मे महिन्यात सोसायटी गावाला जाते. जून-जुलैत ऑडिटर फोन उचलत नाही. ऑगस्टमध्ये टेरेसवरचा पाऊस ४०१ च्या हॉलमध्ये उतरतो. मग गणपती येतात आणि गणपती गेले की पितृपक्ष लागतो. सभा पितृपक्षात ठेवली म्हणून २०३ च्या काकू जिन्यात भेटल्या तेव्हा कुरकुरल्या, "या दिवसांत शुभकार्य करत नाहीत हो."

सेक्रेटरी म्हणाला, "काकू, ऑडिट रिपोर्ट वाचायचाय. यात शुभ काय आहे?"

(घड्याळ बघतो.) दहा वाजले.

(खुर्च्या मोजतो. माणसं मोजतो. माणूस एकच: तो स्वतः.)

आता कोरमचं गणित. आदर्श उपविधींमध्ये लिहिलंय, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला जो आकडा कमी तो कोरम. बत्तीसचे दोन तृतीयांश किती? एकवीस पूर्णांक एक तृतीयांश. लोक म्हणतात, एक तृतीयांश माणूस आणायचा कुठून? तो प्रत्येक सभेत असतो! पाठ खुर्चीला, डोळे मोबाइलला आणि कान दुसऱ्या मजल्यावरच्या कुकरला. पण कायद्याला डोंबिवलीची दया आली आणि त्यानं वीसवर तडजोड केली. म्हणून खुर्च्या वीस. एकविसावी खुर्ची भाड्यानं आणायची हिंमत या सेक्रेटरीनं नऊ वर्षांत केलेली नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी १०४ काका आले. खालच्याच मजल्यावर राहतात, तरी पायात बूट आणि काखेत फाइल. सरकारी हिशेब खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी दुसऱ्या रांगेतली कोपऱ्याची खुर्ची घेतली, फाइल उघडली आणि पहिला प्रश्न टाकला.

(कलाकार चष्मा नाकावर घेतो.) "सेक्रेटरीसाहेब, पान चार. 'झाडू व तत्सम, रुपये तीनशे चाळीस.' तत्सम म्हणजे काय?"

"काका, अजून सभा सुरू झालेली नाही."

"मी सभेबाहेरच विचारतोय. तत्सम म्हणजे काय?"

सव्वादहाला २०३ काकू आल्या. बाथरूमच्या छतावरच्या ओल्या डागाचा फोटो त्यांनी मोबाइलमध्ये आणलाय. हा डाग गेली चार वर्षं काकूंबरोबर सभेला येतो; दर वर्षी थोडा वाढलेला असतो. आधी महाराष्ट्राच्या नकाशासारखा दिसायचा, आता त्यात गोवा आणि कर्नाटकाचा काही भागही आलाय. त्यांच्या मागोमाग १०८ चे मेहुणे आले, हातात स्टॅम्पपेपर घेऊन. "भाऊजींनी अधिकारपत्र दिलंय." सेक्रेटरीनं हात जोडले. सर्वसाधारण सभेला सभासदाऐवजी प्रतिनिधी चालत नाही. मुखत्यारपत्रही नाही आणि अधिकारपत्रही नाही. लोकसभेला माणूस पाठवता येतो, सोसायटीच्या सभेला स्वतःच यावं लागतं. मेहुणे म्हणाले, "मग चहा तरी घेऊन जातो."

बाकीचे फ्लॅट कुठे आहेत? वरती! (कलाकार मान वर करून चारी मजले न्याहाळतो.) गॅलऱ्या भरल्या आहेत. एक जण टॉवेल वाळत घालतोय. तो टॉवेल गेली वीस मिनिटं वाळतोय. एक जण कुंडीला पाणी घालतोय. कुंडीत रोप नाही. सभेला कोण आलं, कोण काय बोललं, हे सगळं वरून दिसतं, ऐकू येतं, आणि वर जबाबदारी पोचत नाही. नाटकाची बाल्कनी असते तशी. फक्त तिकीट नाही.

खरं तर या व्यवस्थेचा वंश थोर आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. ताडदेवची तालमकी वाडी त्यांच्याच नावाची. भाडेकरूंनी एकत्र यावं, पैसे जमवावेत, मालक सगळ्यांनी मिळून व्हावं आणि निर्णयही सगळ्यांनी मिळून घ्यावा, अशी ती कल्पना. आज राज्यात अशा संस्था एक लाखाहून जास्त आहेत. मिळून मालक होणं सगळ्यांना जमलं. मिळून निर्णय घ्यायच्या दिवशी टॉवेल वाळत घालायचा असतो.

कायद्यानंही प्रयत्न करून पाहिले. सेक्रेटरीनं सभा बोलावलीच नाही, तर त्याला अपात्र ठरवायचा अधिकार निबंधकांना आहे. पण सभासद आलाच नाही, तर? २०१२ साली ९७ वी घटनादुरुस्ती आली, तिच्या मागोमाग २०१३ मध्ये राज्याचा कायदा बदलला आणि 'क्रियाशील सभासद' हा शब्द आला: सलग पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहा. पाच वर्षांत एकदा! दंतवैद्यसुद्धा सहा महिन्यांनी बोलावतो. पुढे या तरतुदींत फेरफार होत गेले, पण पहिल्या वर्षी सेक्रेटरीनं तो नियम मोठ्या अक्षरांत बोर्डावर लावला होता. दुसऱ्याच दिवशी ४०७ नं फोन केला, "म्हणजे अजून चार वर्षं आहेत ना?"

(घड्याळ बघतो. उभा राहतो. गंभीर आवाजात.)

साडेदहा. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा, अर्ध्या तासानं, त्याच ठिकाणी, त्याच खुर्च्यांवर, सुरू!

आणि आता गंमत बघा. दहा वाजून एकतीस मिनिटांनी जिन्यात चपलांचा आवाज येतो. एक, दोन, पाच जण उतरतात. कोरम लागतो तोवर यायचं नाही आणि कोरम लागेनासा झाला की यायचं, हा सोसायटीतला अलिखित शिष्टाचार आहे. एकूण उपस्थिती आठ.

विषय पहिला: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. कायम झालं. मागच्या सभेला कोण होतं हे कुणाला आठवत नाही, म्हणून हरकत नाही.

विषय दुसरा: निधी. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का. इमारतीचा बांधकाम खर्च धरलाय एक कोटी साठ लाख, म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला एक लाख साठ हजार. मंजूर? मंजूर. वरच्या कुठल्याशा कुकरची एक शिट्टी होईपर्यंत एक लाख साठ हजार मंजूर झाले.

विषय तिसरा: पाणीपट्टी.

(कलाकार बाह्या सरसावतो.)

पाण्याचा खर्च नळजोडांची संख्या आणि आकार यांवर वाटायचा, असं उपविधी सांगतात. माणसांवर नाही, नळांवर. त्यामुळे समितीनं घरोघरी नळ मोजायला माणूस पाठवला. ३०१ म्हणाले, माझ्याकडे तीनच. मोजणाऱ्यानं चार मोजले. ३०१ म्हणाले, चौथा शोभेचा आहे. शोभेचा नळ! काल दाबून बघितला तर शोभा वाहत होती. यावर पन्नास मिनिटं चर्चा झाली. एक जण म्हणाला, वॉशिंग मशीनचा नळ पाऊण धरा. १०४ म्हणाले, तशी तरतूद नाही. २०३ काकू म्हणाल्या, "नळाचं राहू द्या, माझ्या छतातून येतंय त्याला कुणी नळ धरणार आहे का? त्याचे पैसे मला लावू नका म्हणजे झालं." सभा बारा वाजता संपली, ती पूर्णपणे भुकेमुळे.

शेवटचा विषय, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय', त्यात ४०७ ची मारुती निघाली. पण ४०७ गैरहजर. तहकूब.

(अंधार. पुन्हा प्रकाश. खुर्च्या त्याच.)

अशी नऊ वर्षं गेली. मध्ये कोविड आला आणि सभा ऑनलाइन घ्यायची मुभा मिळाली. त्या वर्षी अठ्ठावीस जण हजर! सेक्रेटरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं, एकोणीस जणांचा कॅमेरा बंद आहे, पाच जणांच्या पडद्यावर छताचा पंखा आहे आणि ४०१ झोपलेत. त्यांचा माइक मात्र चालू आहे. ऑडिट रिपोर्ट त्या वर्षी घोरण्याच्या साथीनं वाचला गेला. ठराव सूचक, अनुमोदक, मंजूर. घोरणं बंद झालं नाही, म्हणजे विरोध नाही असं इतिवृत्तात धरलं.

आणि मग एक दिवस सेक्रेटरीनं बोर्डावर एक नोटीस लावली. आधीसारखीच भाषा, तसाच शिक्का. विषय मात्र एकच शब्द.

(हळू, एकेक अक्षर.) पुनर्विकास.

पुनर्विकासाच्या सभेला ती अर्ध्या तासाची सवलत नसते. कलम ७९ अ खाली शासनाचा ४ जुलै २०१९ चा निर्णय आहे. दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, इथे वीसवर तडजोड नाही. बत्तीसांत बावीस लागतात. निर्णयाला एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्के हवेत, म्हणजे सतरा. सभेचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं. सेक्रेटरीनं आदल्या रात्री बायकोला सांगितलं, "बावीस! या जन्मात नाही होणार."

सकाळी पावणेदहाला एकतीस जण बसले होते. ज्यांचं तोंड सोसायटीनं फक्त लग्नाच्या अल्बममध्ये पाहिलं होतं, ते आले. १०८ स्वतः आले. मेहुण्यांना चहापुरतं आणलं. न्यू जर्सीतला मुलगा आईच्या मोबाइलवर हजर, रात्रीचे बारा वाजून गेलेले आणि तो विचारतोय, "कार्पेट किती? बाल्कनी धरून की सोडून?" खुर्च्या संपल्या. लोक जिन्यावर बसले, स्कूटरवर बसले. ४०७ उशिरा आले, त्यांना कुठेच जागा मिळेना. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, मारुतीचं दार उघडलं आणि आत बसून सात वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीचा उपयोग केला.

सभा गाजली. पुनर्विकास मात्र झाला नाही. समोरचा रस्ता अरुंद निघाला, एफएसआय पुरेना, बिल्डर चहा पिऊन गेला. पण सेक्रेटरीची झोप उडाली ती वेगळ्याच कारणानं. नऊ वर्षं तो लोकांना आळशी समजत होता, आणि एकतीस आळशी लोक पावणेदहाला अंघोळ करून खाली बसले होते.

त्यानं जिन्यात ३०२ ला गाठलं. या बाई सोमवार ते शनिवार सात बाराची लोकल पकडतात. रविवार सकाळ हीच त्यांची आठवड्याची भाजी, इस्त्री, पोराचा अभ्यास आणि जमलं तर अंघोळ.

"वहिनी, राग मानू नका. नऊ वर्षांत वार्षिक सभेला एकदाही का नाही आलात?"

(कलाकार पर्स खांद्यावर सरकवतो, एक पायरी वर चढून वळतो.)

"तुम्ही बोलावलंत कधी?"

"वा! दर वर्षी चौदा दिवस आधी नोटीस देतो. तुमची सही आहे रजिस्टरवर."

"ते कळवणं झालं. सत्यनारायणाला तुम्ही स्वतः दारात येता, 'तीर्थप्रसादाला यायचं हं' म्हणता. हळदीकुंकवाला तुमच्या मिसेस येतात. सभेला वॉचमन येतो आणि म्हणतो, 'इथे सही करा.' मी समजते, कुरिअर आलं."

(शांतता. कलाकार खाली येऊन खुर्चीवर बसतो.)

सेक्रेटरी त्या रात्री कागद-पेन घेऊन बसला. आधी त्यानं शेअर सर्टिफिकेटं काढली, आणि त्यात त्याला खजिनाच सापडला. बत्तीसांपैकी बऱ्याच सर्टिफिकेटांवर दोन नावं. पहिलं नाव रविवारी सकाळी पांघरुणात, दुसरं नाव ओट्यापाशी. आणि उपविधी सांगतात, पहिलं नाव गैरहजर असेल तर दुसऱ्या नावाला सभेला बसता येतं, मतही देता येतं. नऊ वर्षं तो झोपलेल्या नावांना नोटिसा पाठवत होता. जागी नावं दाराआड होती.

मग त्यानं नोटीस पुन्हा लिहिली. कायद्याची भाषा तशीच ठेवली, ती काढता येत नाही. पण खाली एक चिठ्ठी जोडली. (वाचतो.) "१. टेरेस गळते. पत्र्याची शेड की वॉटरप्रूफिंग? दोन कोटेशन सोबत आहेत, घरी बसून वाचा. २. तुम्ही देता त्या शंभर रुपयांतले किती पाण्याला, किती वॉचमनला, किती विजेला, ते मागच्या पानावर. ३. सात वर्षांची मारुती. वेळ शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेसात. साडेसातला दिवे बंद होतील." सहाची वेळ ३०२ ला विचारून ठेवली, शनिवारी त्यांचं ऑफिस लवकर सुटतं. पितृपक्षही टाळला. सप्टेंबरची वाट न बघता ऑगस्टमध्येच सभा लावली, कारण कायदा 'सहा महिन्यांच्या आत' म्हणतो, 'सहाव्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी' म्हणत नाही.

आणि ही चिठ्ठी घेऊन तो स्वतः निघाला. बत्तीस दारं. प्रत्येक दारात एकच प्रश्न: "तुम्हाला काय विचारायचंय?" उत्तर कागदावर लिहून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचं. पहिल्या मजल्यावर लोकांना वाटलं वर्गणी आहे. दुसऱ्या मजल्यावर दोन जणांनी दार उघडण्याआधी आतला दिवा घालवला. तिसऱ्या मजल्यावर पोहे मिळाले. चौथ्या मजल्यावर ४०१ नं हात धरून आत नेलं आणि हॉलमधली बादली दाखवली. सेक्रेटरीनं ती बादली नऊ पावसाळे कागदावर वाचली होती, 'टेरेस दुरुस्ती, विचाराधीन' म्हणून. प्रत्यक्षात ती निळी होती. तिच्यात पाण्याचा थेंब पडल्यावर कसा आवाज येतो, ते त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. (कलाकार तांब्यात बोटानं पाणी पाडतो. टप्. थांबतो. टप्.) ४०१ म्हणाले, "रात्री दोनला जास्त स्पष्ट ऐकू येतो."

१०४ काकांच्या दारात त्यानं युक्ती केली. "काका, या वर्षीपासून किरकोळ खर्चाची व्हाउचरं मंजुरीआधी तुमच्या नजरेखालून जातील." काकांचा चेहरा तीस वर्षांनी तरुण झाला. फक्त एकच अडचण झाली. सभेला वडे ठेवायचं ठरलं होतं. काकांनी पहिल्याच व्हाउचरवर लाल शेरा मारला: "बटाटेवडे, नग ६४. कोणत्या शीर्षाखाली?" सेक्रेटरीनं लिहिलं, 'सभा खर्च.' काकांनी खाली लिहिलं, "चटणी स्वतंत्र दाखवावी."

(प्रकाश उजळतो. कलाकार खुर्च्यांची पाचवी रांग लावतो.)

शनिवार. सहाला पाच कमी. सेक्रेटरीनं या वेळी पंचवीस खुर्च्या आणल्या होत्या. हात थरथरत होते. आधी ३०२ आल्या, मुलाला घेऊन. मुलाच्या हातात रजिस्टर दिलं; तो प्रत्येकाला विचारू लागला, "तुमचा रोल नंबर काय?" मग दुसरी नावं उतरली, एकामागून एक, आणि दुसरी नावं खाली गेली म्हणून काय बोलतायत ते ऐकायला पहिली नावंही उतरली. गॅलऱ्या रिकाम्या. एक टॉवेल तेवढा वर उरला, तो खरंच ओला होता.

सहा वाजता मुलानं मोजलं. "एकवीस!"

(कलाकार गप्प. मग टेबलाला धरतो.)

सेक्रेटरीला पुढे काय म्हणायचं ते आठवेना. नऊ वर्षं त्याची पार्किंगमधली वार्षिक सभा "गणपूर्तीअभावी" या शब्दानं सुरू होत आली होती. तो शब्द नसेल तर सभा सुरू कशी करायची? शेवटी २०३ काकू म्हणाल्या, "नमस्कार म्हणा आधी."

बरणीतल्या चिठ्ठ्या एकेक निघाल्या. बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं. स्वयंपाकघरातला टायमर लावलेला. टायमर वाजला की बोलणारा थांबायचा आणि ४०१ दचकून जागे व्हायचे. टेरेसचं वॉटरप्रूफिंग हात वर करून ठरलं. एका चिठ्ठीत लहान मुलाच्या अक्षरात होतं, 'खाली क्रिकेट खेळायचं की नाही ते एकदाच सांगा.' त्यावर सर्वांत जास्त मतं पडली, दोन्हीकडून. ३०१ नं उभं राहून चौथा नळ मान्य केला. आणि ४०७ नं मारुती द्यायचं कबूल केलं, पण अट घातली: पुढच्या पुनर्विकासाच्या सभेला बसायला खुर्ची राखून ठेवायची.

साडेसहा वाजता जिन्यात बुटांचा आवाज.

(चष्मा नाकावर.) १०४ काका. काखेत फाइल. पार्किंगमधली गर्दी बघून थबकले.

"हे काय? सभा सुरू?"

"काका, सहाला कोरम झाला."

"असा कसा झाला? नऊ वर्षांत झाला नाही. मी अर्धा तास धरून आलो. वडे संपले?"

त्यांच्यासाठी दोन ठेवले होते, चटणी स्वतंत्र. पण काकांनी आक्षेप लेखी नोंदवायला लावला: सभा वेळेवर सुरू झाल्यामुळे नियमित सभासदाची गैरसोय झाली.

सात वाजून पंचवीस मिनिटं. आयत्या वेळचे विषय. सेक्रेटरी उठला. गळा दाटून आला होता. म्हणाला, "आज समाधान आहे. आता नवीन माणसांनी पुढे यावं. मी राजीनामा देतोय."

चोवीस माणसं. एकाच वेळी सगळ्यांना आपापल्या चपलांमध्ये काहीतरी दिसलं.

"बसा खाली," १०४ काका म्हणाले. "विषय पत्रिकेवर नाही. आणि सेक्रेटरीचा राजीनामा या सभेचा विषयच नव्हे. तो समितीपुढे जातो. समिती किती जणांची?"

"अकरा."

"मग कोरम सहा. समितीची सभा बोलवा. मंजूर झाला तर जा."

(साडेसात. दिवे मंद होतात. कलाकार पंचवीस खुर्च्या एकात एक रचून बाजूला ठेवतो. अकरा खुर्च्या अर्धवर्तुळात मांडतो. तांब्या ठेवतो. रजिस्टर उघडतो. एका खुर्चीवर बसतो.)

समितीची सभा, बुधवार, रात्री नऊ. अध्यक्ष गावाला. खजिनदारांचं पोट बिघडलंय. चौसष्टपैकी किती वडे त्यांच्या वाट्याला गेले, ते व्हाउचरवर नाही. दोन जागा रिकाम्या आहेत. एक सदस्य वरून गॅलरीतून ओरडून विचारतात, "किती झाले?"

(कलाकार खुर्च्या मोजतो. स्वतःकडे बोट करतो.)

"एक!"

"मग सहा झाले की हाक मारा!"

इथे मात्र अर्ध्या तासानं काही बदलत नाही. कोरमशिवाय समितीला कामकाज करता येत नाही.

(कलाकार राजीनाम्याची घडी उलगडतो, वाचतो, पुन्हा घालतो. उठून पहिली खुर्ची पुसतो. दुसरी पुसतो. तिसरीपाशी थांबतो, पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांकडे आशेनं बघतो आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन दोरा पुरेल तेवढं त्यांच्यापुढे धरतो. हळूहळू अंधार. अंधारात फक्त आवाज: टप्. टप्.)